गच्चीवरचे बीटल्स

प्रश्न : बीटल्स या ब्रिटिश रॉक बँडचा लंडनमधील गच्चीवरचा कार्यक्रम पोलिसांनी बंद पाडला आणि तोच त्यांचा अखेरचा कार्यक्रम ठरला, असे वाचले. हे खरे आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : निम्मे खरे आहे. तिकीट लावून केलेला त्यांचा शेवटचा कार्यक्रम २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाला होता. त्यानंतर ३० जानेवारी १९६९ रोजी, सॅव्हिल रो येथील आपल्याच कंपनीच्या इमारतीच्या गच्चीवर, कोणतीही जाहिरात न करता चौघांनी (लेनन, मॅकार्टनी, हॅरिसन आणि रिंगो) सुमारे ४२ मिनिटे जे वादन केले, ते मात्र लोकांसमोर एकत्रितपणे केलेले शेवटचे. त्यांच्यावरील माहितीपटाच्या चालू असलेल्या चित्रीकरणाला शेवट हवा होता, एवढेच त्यामागचे व्यावहारिक कारण. थंडी अशी की लेननने आपली जोडीदार योको ओनो हिचा फरकोट चढवला होता, रिंगोने बायकोचा लाल रेनकोट. वाऱ्याची घरघर टाळण्यासाठी मायक्रोफोनवर चक्क बायकांचे पायमोजे चढवले होते. कीबोर्डवर बिली प्रेस्टन होता, ज्याचे श्रेय बरेचदा विसरले जाते. रस्त्यावर गर्दी जमली, तक्रारी गेल्या आणि पोलीस वर आले, त्यामुळे अँप्लिफायर मध्येच बंद करण्यात आले; परंतु हॅरिसनने आपला पुन्हा सुरू केला आणि शेवटचे गाणे पोलिसांच्या साक्षीनेच पूर्ण झाले. त्यामुळे ‘बंद पाडला’ हा शब्दप्रयोग मला अतिशयोक्त वाटतो. वादन संपताच लेननने सर्वांचे आभार मानले आणि आपण निवड चाचणीत (ऑडिशनमध्ये) उत्तीर्ण झालो असू, अशी मिश्कील आशा व्यक्त केली.