‘ताई, हे काय करून राहिलो आपण?’

पहिल्यांदा हाताखाली माणसं आलेला मॅनेजर असो की वर्गावर पहिल्यांदा उभा राहिलेला प्राध्यापक, समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘‘मलाच काही कळत नाहीये आणि हे सगळे माझ्या तोंडाकडे बघतात.’’ गेल्या मे महिन्यात ते एका सत्तावीस वर्षांच्या नर्तकीने म्हटलं. (तिच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

चौदा वर्षं भरतनाट्यम, मग बंगळुरूला समकालीन नृत्याचं शिक्षण. नागपूरला परतून पहिल्यांदाच स्वतःची रचना बसवत होती. पाच नर्तक, चाळीस मिनिटं, विषय मारबत. नागपूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी: तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत हे दोन मोठे पुतळे वाजतगाजत निघतात आणि ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत त्यांचं दहन होतं. काळीची परंपरा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची. हिने ती गर्दी लहानपणी इतवारीत आजीच्या गच्चीवरून पाहिलेली. लोक काय घालवून येतात आणि काय तसंच परत घरी आणतात, एवढंच तिला नाचातून शोधायचं होतं.

तिसऱ्याच तालमीला हिपहॉपवाल्या पोराने विचारलं, ‘‘ताई, हे काय करून राहिलो आपण? काउंट सांगा नं.’’ त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, आठ मात्रांवर वाढलेलं पोर ते. पण हिची झोप उडाली. रात्री फोनवर तालमीचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघायचा, चार मैत्रिणींना पाठवून ‘कसं वाटलं?’ विचारायचं आणि सकाळी सगळं बदलायचं. तीन आठवड्यांत सुरुवात नऊ वेळा बदलली होती. ‘‘मॅडम, त्यांना कळलंय की मला येत नाही.’’

सुरुवातीला मी चुकले. श्वासाचे व्यायाम दिले, विचारांची वही दिली. तिने वही अशी नेटकी भरली की मीच शाबासकी दिली असती. तालमीत मात्र काडीचा फरक नाही. तिसऱ्या भेटीत म्हटलं, तो व्हिडिओच दाखव.

लक्ष्मीनगरातला हॉल, एका भिंतीला आरसा. फोन मागच्या खिडकीत ठेवलेला, त्यामुळे नर्तकांच्या पाठी दिसत होत्या आणि आरशाला टेकून बसलेल्या हिचा चेहरा. एक मुलगी हात लांब नेतेय, खांदा, कोपर, मनगट असा सावकाश. मनगटाशी तिची नजर हिच्याकडे वळते, कोपर वाकतं आणि हात गपकन अंगाशी येतो. तीनदा तेच. मी विचारलं, ‘‘आता तुझ्याकडे बघ. काय करतेयस?’’ कपाळाला आठ्या, दातात पेन.

‘‘अहो, मी तर विचार करत होते!’’

तिला वाटत होतं ते आपली परीक्षा घेतायत. तिकडे ते पाचजण हिच्या कपाळावर स्वतःचे मार्क वाचत होते.

मग तिच्या नृत्यवर्गाबद्दल बोललो. तिथे काठीचा ठोका पडला की अडवू, म्हणजे भरतनाट्यमची पायाभूत हालचाल, कशी हवी ते ठरलेलं. गुरूंना कधी अडताना तिने पाहिलंच नव्हतं. मी म्हटलं, अडवू पिढ्यान्‌पिढ्या घासून झालेला आहे, तुझी रचना अजून जन्मायचीय. माहीत असणार कुठून? यावर तीच म्हणाली की पिना बाउश, १९७३ पासून जर्मनीत वुप्पर्टालच्या नृत्यसंस्थेची प्रमुख, पुढे नर्तकांना प्रश्नच विचारायची आणि आलेल्या उत्तरांतलं बरंचसं वगळायची. ‘‘हे मी लेखी परीक्षेत लिहिलंय,’’ म्हणाली आणि हसली. त्या महिन्यातलं पहिलं हसू.

ठरलं ते साधं होतं. आरशावर चादरी टांगायच्या, तिने नर्तकांच्या पाठीमागे बसायचं. रात्री सुचेल ते वहीत उतरवायचं, पण दुसऱ्या दिवशी आधी जुनं करून बघायचं, मगच वही उघडायची. आणि आठवडाभर कुणाला व्हिडिओ पाठवायचा नाही. हे शेवटचं सगळ्यात जड गेलं. खात्री मागायची सवय खाजेसारखी असते, खाजवलं की घटकाभर बरं वाटतं. चौथ्या दिवशी तिने एकीला पाठवलाच आणि मला ओशाळून कळवलं. (झोप-जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलं असतं किंवा ती तालीम टाळू लागली असती, तर मी तिला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.)

हॉलमधल्या कूलरचं मात्र तिचं तिलाच उमगलं. नाच मोजून नव्हे, एकमेकांच्या श्वासावर चालायचा होता, आणि त्या घरघरीत श्वास कुणाला ऐकू येणार? मेच्या उन्हात कूलर बंद करणं शक्यच नाही, म्हणून तालीम पहाटे साडेपाचला नेली.

पुढच्या आठवड्यात तिने पाचही जणांना विचारलं: घरातून काय घालवून द्यायचंय? बोलायचं नाही, करून दाखवायचं. त्या पोराने खांद्यावरून काहीतरी जड उतरवलं, जमिनीवर ठेवलं, दोन पावलं गेला, परतला आणि तेच पुन्हा उचलून खांद्यावर घेतलं.

‘‘ताई, हे काय आहे?’’

‘‘माहीत नाही रे. पुन्हा कर.’’

त्याने पुन्हा केलं. या वेळी उचलायला जास्त वेळ लागला.