सही करायच्या आधी

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

परवा रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला. 'काका, त्या म्युझिक कंपनीनं, लेबलवाल्यांनी, माझ्या गाण्याच्या कराराची पीडीएफ पाठवलीय, पंचवीस हजार देतायत, उद्यापर्यंत सही करून मागतायत. करू का?' मी फक्त 'थांब' एवढंच लिहिलं. त्या 'थांब'चं हे सविस्तर उत्तर. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू 'हो काका, हो काका' करतेस आणि शेवटी मनातलं तेच करतेस. म्हणून लिहून पाठवतोय, म्हणजे पुन्हा वाचावं लागेल.

आधी गाण्याबद्दल. सात-आठ वेळा ऐकलं. मागे यंत्रमागाचा खडखडाट आलाय म्हणून तू दोनदा सॉरी लिहिलंस. इचलकरंजीत तुमच्या गल्लीत राहून माग चुकवायचा म्हणजे लाइट जायची वाट बघायची, हे तूच मला सांगितलं होतंस. लाइट गेली की माग थांबतात, मग खिडकीला गोधडी अडकवायची आणि लॅपटॉपच्या बॅटरीवर टेक घ्यायचा. दुसऱ्या अंतऱ्यात लाइट आली असणार, कारण तिथून लांबवर खट-खट सुरू होते. मी पेटी बाजूला ठेवून मांडीवर ताल धरून बघितला. ती खट-खट तुझ्या लयीच्या किंचित पुढे पळते, पण दोनदा नेमकी समेवर येते. काढू नकोस. लेबलवाल्यांना 'क्लीन' व्हर्जन हवंय आणि खाली ढणढणता बीट हवाय म्हणे. त्यांना सांग, बीट आहे की आधीच.

आता तो कागद. मी चष्मा लावून अख्खा वाचला. 'सर्व हक्क, आज अस्तित्वात असलेल्या व भविष्यात येणाऱ्या सर्व माध्यमांत, संपूर्ण जगात, कायमस्वरूपी.' हे वाक्य मला पाठ आहे. १९९६ साली असल्याच एका कागदावर मी सही केली होती, फक्त त्यात 'भविष्यात येणाऱ्या'ऐवजी 'कॅसेट व अन्य' असं होतं. गणपतीच्या कॅसेटसाठी आठ चाली, अडीच हजार रोख, वर अर्धा किलो पेढे. स्टुडिओच्या जिन्यात उभ्या उभ्या रेव्हेन्यू स्टँपवर सही. कागदाची एक प्रत आपल्याकडे ठेवायची असते हेही तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यातलं एक गाणं आजही दर भाद्रपदात आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या स्पीकरवर वाजतं. कॅसेटच्या वेष्टनावर संगीतकार म्हणून दुसऱ्याच कुणाचं नाव छापलं होतं. गेल्या वर्षी ती चाल मी पेटीवर वाजवून यूट्यूबवर टाकली, तर दुसऱ्या दिवशी सूचना: या व्हिडिओत दुसऱ्याच्या मालकीची रचना वापरली आहे. तुझी काकू इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसलो, पण जरा उशिरा.

तुझी परिस्थिती माझ्यापेक्षा बरी आहे, कारण मधल्या काळात कायदा बदलला. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. तिच्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत बोलले होते, ते भाषण मिळालं तर ऐक. त्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला आपल्या शब्दांचे आणि चालीचे हक्क दुसऱ्याला देता येतात, पण त्यावरच्या रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा सोडून देता येत नाही. सोडला असं कागदावर लिहिलं तरी ते कायद्यापुढे टिकत नाही. आणखी दोन गोष्टी त्याच कायद्यात आहेत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलेलं नसेल तर फक्त भारत. म्हणून तर तुझ्या पीडीएफमध्ये 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगात' हे शब्द इतक्या काळजीनं घातलेत. वकिलानं प्रत्येक शब्दाचे पैसे घेतलेत असं समजून वाच.

मग करायचं काय? आपल्याकडे घर भाड्यानं देताना आपल्याच भाच्यालासुद्धा अकरा महिन्यांचा करार करून देतात. गाणं मात्र अनोळखी माणसाच्या हवाली कायमचं करायला निघतात. त्यांना लिही की गाणं विकत नाही, परवाना देते. तीन वर्षांसाठी, फार तर पाच. त्यानंतर रेकॉर्डिंग माझं मला परत. शब्द आणि चाल माझ्याकडेच राहतील. दर सहा महिन्यांनी हिशेब पाठवायचा. नाव जिथे जिथे गाणं दिसेल तिथे तिथे. एवढं ऐकून ते 'आमची पॉलिसी नाही' म्हणाले तर पंचवीस हजार गेले असं समज. जातील. मी ते तुला भरून देऊ शकत नाही, आणि तुझ्या बाबांचे माग सध्या कसे चाललेत हेही मला माहीत आहे. त्यामुळे हा सल्ला देताना मला फार मोठेपणा वाटत नाहीये. तरीही देतोय.

'लेबल नसेल तर गाणं पोचणार कसं?' हा तुझा पुढचा प्रश्न असणार. गाणं दुकानात मांडायला आता लेबल लागत नाही, डिस्ट्रिब्युटर पुरतो. वर्षाला थोडे पैसे भरायचे किंवा कमाईतला हिस्सा द्यायचा, तो स्पॉटिफाय, जिओसावन, अ‍ॅपल सगळीकडे चढवतो. मात्र वर्गणीवाला असेल तर एक गोष्ट आधी विचार: वर्गणी थांबली तर गाणी उतरवणार का? बरेच जण उतरवतात.

इथे सगळे नवे लोक एक चूक करतात, आणि जुने तर करतातच. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक म्हणजे शब्द आणि चाल, दुसरी म्हणजे तू गोधडीआड केलेलं ते रेकॉर्डिंग. डिस्ट्रिब्युटर साधारणपणे फक्त रेकॉर्डिंगचे पैसे आणतो. शब्द-चालीचे पैसे गोळा करायला इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आहे, आयपीआरएस, १९६९पासून. तिथे गीतकार-संगीतकार म्हणून सभासद हो आणि प्रत्येक गाणं नोंदव. नोंदवलं नाही तर तुझ्या वाट्याचे पैसे तुझ्यापर्यंत यायला वाटच नाही.

आणि नावं नीट भर. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजाननं ग्रामोफोनसाठी गायलं तेव्हा तबकडीच्या शेवटी ती मोठ्यानं इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची. कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या कारागिरांना कळायला हवं की तबकडीच्या लेबलवर कुणाचं नाव घालायचं. तीन मिनिटांच्या तबकडीतली शेवटची दोन-तीन सेकंदं बाई नावाला द्यायची! आज तेच काम आयएसआरसी नावाचा बारा अक्षरी कोड करतो. प्रत्येक रेकॉर्डिंगला एक. डिस्ट्रिब्युटर बदललास तर जुनाच कोड घेऊन जा, म्हणजे ऐकलं गेल्याची मोजणी शून्यावर येत नाही. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग एकदा ठरव आणि ते मरेपर्यंत बदलू नकोस. लग्नानंतरही.

तू लिहिलंयस की पुढचा तुकोबांचा अभंग करते, त्यात हक्काची भानगडच नाही. भानगड आहे. शब्द तुकोबांचे, ते सगळ्यांचे. पण तू ज्या चालीवर म्हणणार आहेस ती खळेकाकांची आहे, लताबाईंनी गायलेली. श्रीनिवास खळे गेले २०११ साली. आपल्या कायद्यानं रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०७१ संपेपर्यंत. तोवर तुला नातवंडं झालेली असतील. रीतसर परवानगी घेऊन गा, नाहीतर वारीत म्हणतात त्या पारंपरिक चालीवर गा, नाहीतर स्वतः चाल लाव. मला विचारशील तर स्वतः लाव. फसली तर फसली. आणि तानपुऱ्याचा तयार लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायचा रेकॉर्ड केलेला तुकडा, घेतलास तर तो कुठून घेतला, काय अटीवर घेतला, ते कुठेतरी लिहून ठेव. तोच लूप आणखी शंभर जणांनी घेतलेला असतो, त्यातला एखादा अतिशहाणा स्वतःच्या नावावर नोंदवतो, आणि दावा येतो तुझ्यावर.

आता पैशाचं. स्ट्रीमिंगमधून घर चालेल अशी आशा सध्या बाजूला ठेव. सगळ्या वर्गणीदारांचे पैसे एका हंड्यात पडतात आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जेवढा वाटा तेवढं त्याला. तुझ्या मावशीनं महिनाभर फक्त तुलाच ऐकलं तरी तिची वर्गणी तुला येत नाही, ती त्या हंड्यात जाते आणि बहुतेक मुंबईच्या सिनेसंगीताला मिळते. स्पॉटिफायवर तर २०२४पासून वर्षभरात हजार वेळा ऐकलं गेल्याशिवाय एखाद्या गाण्याला छदामही मिळत नाही. यूट्यूबच्या जाहिरातींतून कमवायचं तर हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तासांचं बघणं. ते जमलं की पहिल्याच दिवशी तिथला अमेरिकन टॅक्सचा फॉर्म भर. कंटाळा केलास तर जगभरच्या कमाईतून चोवीस टक्क्यांपर्यंत कापू शकतात. भरलास तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या पैशातून, भारतीयांना पंधरा टक्के. आपल्या लोकांचे निम्मे ऐकणारे न्यू जर्सीत असतात, तेव्हा हे हसण्यावारी नेऊ नकोस.

चूल पेटते ती कार्यक्रमांवर आणि शिकवण्यांवर. माझीही तशीच पेटली. दिवाळी पहाट, कॉलेजचं गॅदरिंग, कुणाच्या साठीची बैठक, जे येईल ते घे, पण सुपारी घेताना निम्मे पैसे आधी. 'आपलाच कार्यक्रम आहे' म्हणणाऱ्याकडून पूर्ण आधी. पाकीट तिथेच उघडून मोजायची लाज मला आयुष्यभर वाटली आणि तिनं माझं बरंच नुकसान केलं. टीडीएस कापला म्हणाले तर तो तुझ्या पॅनवर खरंच जमा झालाय का ते बघ. आणि परदेशातल्या मराठी पोरांना पहाटे सहाला ऑनलाइन शिकवायचं काम आलं तर नाक मुरडू नकोस. पहाटे माग चालू असतील, हेडफोन चांगला घे.

एक गोष्ट मात्र आजपासून सुरू कर, बाकीचं मागेपुढे झालं तरी चालेल. दोनशे पानी वही. प्रत्येक कार्यक्रमानंतर जो थांबून बोलतो त्याचं नाव, गाव, फोन नंबर त्याच्याच हातानं लिहून घ्यायचा. जून २०२०च्या अखेरीस टिकटॉक बंद झालं ते आठव. आपल्या खेड्यापाड्यांतली पोरं, लाखांनी चाहते, आणि त्यातल्या एकाचाही नंबर त्यांच्याकडे नाही. सकाळी उठले तर दुकान, गिऱ्हाईक, रस्ता सगळंच गायब. तुझ्या वहीला असं कुणी बंद करू शकत नाही. नंबर घेताना तुझाही नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करायला लाव, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवलेलं त्यांना दिसतच नाही. एका लिस्टमध्ये २५६ माणसं बसतात. पहिली लिस्ट भरायला तुला वर्ष लागेल, कदाचित दीड. मग महिन्याला एक गाणं, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी. १९५५च्या एक एप्रिलपासून पुणे आकाशवाणीनं गीतरामायण असंच लावलं होतं, आठवड्याला एक गाणं, छप्पन्न गाणी. माझी आजी सांगायची, त्या वेळेला आमच्या वाड्यात कुणी नळ सोडत नसे. तुझ्यासाठी लोक नळ बंद करतील असं नाही म्हणत मी, पण महिन्याचा पहिला रविवार तुझा आहे हे २५६ जणांना कळू दे.

आज करायचं काम एवढंच. लेबलवाल्यांना चार ओळींची ईमेल टाक. 'प्रस्तावाबद्दल आभार. हक्क कायमचे देणं मला शक्य नाही. तीन वर्षांच्या परवान्याचा मसुदा पाठवलात तर विचार करीन. सहीसाठी पंधरा दिवस हवेत.' चिडचिड नको, उद्गारचिन्हं नकोत. आणि 'उद्यापर्यंत' म्हणाले म्हणून घाबरू नकोस. खरी मागणी असेल तर ती पंधरा दिवसांत शिळी होत नाही.

रविवारी पीडीएफची छापील प्रत घेऊन ये, समासात पेन्सिलीनं लिहिता येतं. काकूनं तुझ्यासाठी थालीपीठाची भाजणी काढून ठेवलीय, डबा आण.

तुझा,
काका

ता. क. गाण्यात तबला कुणी वाजवलाय? तू नुसतं 'एक मित्र' लिहिलंयस. त्याचं पूर्ण नाव कळव, आडनावासकट, आणि काय द्यायचं ठरलंय तेही. ठरलं नसेल तर आज रात्रीच ठरव, आणि दोघांनी एका कागदावर सह्या करून त्याचा फोटो मला पाठवा.