त्सुनामीचं भाकीत की इशारा?

गुहागरच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. 'आता जीपीएसवरून त्सुनामीचं भाकीत' असं त्यांनी पेपरात वाचलं, आणि मुलाच्या प्रोजेक्टमध्ये भाकीत लिहू, अंदाज लिहू की पूर्वसूचना, शिवाय त्सुनामी बरोबर की सुनामी, असं विचारतायत.

मला विचाराल तर भाकीत नकोच. समुद्राच्या बाबतीत ह्या शब्दांची वाटणी आपल्याकडे आधीच झालेली आहे बघा. भरतीला कोणी अंदाज म्हणत नाही, ते गणित आहे, तिथीची पाऊणपट केली की झालं, अष्टमी म्हणजे आठाचे सहा, सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आमचे आजोबा नुसतं बोटांवर मोजून सांगायचे. वादळाचा अंदाज असतो, मग बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो आणि होड्या खाडीत येतात. त्सुनामी दोन्हीत बसत नाही, कारण तिचं मूळ बहुतेक वेळा भूकंपात, आणि भूकंप कधी होणार ते जीपीएसलाही सांगता येत नाही.

मग जीपीएस करतं काय, तर तुमच्या मोबाइलमध्ये असतं तसंच यंत्र, फक्त खूप बारीक मोजणारं, जमिनीत पक्कं रोवून ठेवतात. भूकंपात जमीन सरकली की तेही सरकतं, आणि किती सरकलं ते उपग्रहांच्या सिग्नलवरून काही मिनिटांत काढता येतं. ११ मार्च २०११ ला जपानात हादऱ्यांवरून पहिल्या काही मिनिटांत ७.९ चा भूकंप धरला गेला, प्रत्यक्षात होता ९ चा, त्यामुळे लाटांची उंचीपण आधी कमीच सांगितली गेली. (फार मोठा भूकंप नुसत्या हादऱ्यांवरून घाईत मोजला की आकडा असा कमी येतो.) आणि तिकडे ओशिका द्वीपकल्पावरचं असं जीपीएस स्टेशन पाच मीटरच्या वर पूर्वेला सरकलं होतं! अंगणातलं तुळशीवृंदावन अख्खं उचलून रस्त्याकडेला नेऊन ठेवावं, एवढं.

म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीची बातमी लाटेच्या आधी पोचवायची. ह्याला आपण इशारा म्हणतो. पूर्वसूचनाही चालेल, फक्त त्यातलं 'पूर्व' लाटेच्या पूर्वी, भूकंपाच्या पूर्वी नाही. आपल्या किनाऱ्याला हे 'पूर्व' थोडं ऐसपैस मिळतं, १९४५ च्या नोव्हेंबरात आताच्या पाकिस्तानातल्या मकरानच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला पहाटे, लाटा मुंबईला आल्या सकाळी. आता हैदराबादच्या इन्कॉइस ह्या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेतून २००७ पासून इशारे देतात, १९४५ ला कोणी विचारणारंही नव्हतं.

राहिलं त्सुनामी. जपानीत त्सु म्हणजे बंदर, नामी म्हणजे लाट, तेव्हा त्सुनामीच लिहा. जीभ वळत नसेल तर पानाला लावायचा चुना म्हणा आणि पुढे मी जोडा, झालं! चहातला च मात्र नको.