बायॉलॉजी सुटलेल्या मुलीनं औषधवाहक रेणूंवर पीएच.डी. करावी का?

प्रश्न : मुलगी ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आपोआप एकमेकांना जुळणारे पेप्टाइडचे (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीचे) रेणू बनवायचे आणि त्यांतून औषध शरीरात पोचवायचं, या विषयात तिला पीएच.डी. करायची आहे. बायॉलॉजी शाळेनंतर सुटलं. हे फार्मसीवाल्यांचं काम नाही का? पुढे नोकरीचं काय? दोन प्रयोगशाळा तिला घ्यायला तयार आहेत. पहिलीत रेणू बनवण्यापासून उंदरांवरच्या चाचण्यांपर्यंत सगळं विद्यार्थ्यानंच करायचं. दुसरीत रेणू बनवायचे आणि तपासायचे, पेशींवरचं काम दुसरा गट करतो. – एक आई

उत्तर : ताई, बायॉलॉजीची धास्ती सोडा. लागेल तेवढं ती वर्षभरात शिकेल. केमिस्ट्री मात्र कामाबरोबर सहज येता-जाता शिकता येत नाही, आणि ती तिच्याकडे आहे.

तिचं काम साधारण असं असेल. पेप्टाइडची पांढरी पूड पाण्यात विरघळवायची, आम्लता स्थिर ठेवणारं क्षारांचं द्रावण, म्हणजे बफर, घालायचं, थोडं थांबून कुपी उलटी धरायची. ओघळलं नाही, तर जेल जमलं. रेणूंच्या पाणी टाळणाऱ्या बाजू एकमेकींना चिकटतात, हायड्रोजन बंध त्यांना धरून ठेवतात, नॅनोमीटर जाडीचे धागे होतात आणि त्यांच्या जाळ्यात पाणी अडकतं. औषध ठेवायचं ते याच जाळ्यात. इथवर मजा आहे. पुढचे महिने जेलचा घट्टपणा मोजणारा रिऑमीटर, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आणि मिश्रणातले घटक वेगळे करून शुद्धता तपासणारं एचपीएलसी यंत्र यांच्यापुढे जातात, कारण उलट्या कुपीला पुरावा म्हणून कोणी मानत नाही.

आता समजा, हे जेल दिल्यावर पेशी मेल्या. रेणूच विषारी, असं म्हणून सगळे मोकळे होतील. पण पेप्टाइड ज्या मण्यांवर जोडत नेतात त्या रेझिनवरून ते सोडवताना ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्ल वापरतात, बहुधा शुद्धीकरणातही तेच असतं. त्याचा अंश पुडीत उरला तर द्रावण आंबट होतं आणि पेशींना बाधतं. ही शंका पहिली येते ती केमिस्टला. अशा माणसाची या क्षेत्रात किंमत आहे.

फार्मसीवाल्यांचा वाटा मोठा आहेच, पण रेणू घडतो केमिस्टच्या टेबलावर. कोविडच्या एम-आरएनए लशींतलं आयनित होणारं (विद्युतभार घेऊ शकणारं) लिपिड, म्हणजे आरएनएला गुंडाळणारा स्निग्ध रेणू, घ्या. आम्लात ते धनभारित होऊन आरएनएला धरतं, रक्तात जवळपास उदासीन राहतं आणि पेशीतल्या आम्लयुक्त कप्प्यात पुन्हा धनभार घेऊन आरएनए बाहेर पडायला वाट करून देतं. हे सगळं त्या लिपिडमधल्या नायट्रोजनभोवतीच्या रचनेवर ठरतं. ही निखळ ऑर्गॅनिक केमिस्ट्री आहे!

वेळेचा हिशेब मात्र तिला स्पष्ट सांगा. लायपोसोमचं, म्हणजे लिपिडच्या सूक्ष्म पिशवीचं, वर्णन ॲलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकात केलं, आणि कर्करोगावरचं लायपोसोममधलं डॉक्सिल हे औषध अमेरिकेत मंजूर झालं १९९५मध्ये. यीस्टच्या एका प्रथिनातल्या १६ अमिनो आम्लांच्या तुकड्यापासून पडदा तयार होतो, हे शुगुआंग झांग आणि सहकाऱ्यांनी १९९३मध्ये छापलं. त्याच कुळातलं पेप्टाइड आज एंडोस्कोपीत रक्तस्राव थांबवायला वापरतात. पण कुपीत छान जमणारी बहुतेक जेलं रुग्णापर्यंत पोचतच नाहीत. शोधनिबंध भरपूर, औषधं मोजकी. हे पचणार नसेल, तर दुसरा विषय बघावा.

नोकरी? प्राध्यापकीच्या जागा कमी आणि त्याआधी पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचं तात्पुरतं संशोधनपद) ठरलेलाच, त्यामुळे तेवढ्यावर भिस्त ठेवू नये. कंपन्यांत पेप्टाइड आणि लिपिड बनवणं, फॉर्म्युलेशन (औषधाला देण्याजोगं रूप देणं), तपासणीचा ॲनालिटिकल विभाग अशा वाटा आहेत. मुलाखतीत तुमचं जेल किती सुंदर होतं, हे फारसं कोणी विचारत नाही. अशुद्धी कशी ओळखली, दुसऱ्या बॅचला तोच निकाल आला का, हे विचारतात.

म्हणून मी दुसरी प्रयोगशाळा निवडेन. पहिलीत सगळं थोडं थोडं येईल आणि उंदरांवरच्या कामाच्या परवानगीची वाट बघण्यात बराच काळ जाईल. फक्त एक अट: पेशींवरचे प्रयोग चालू असताना तिला तिथे उभं राहू द्यायला हवं. नमुने पाठवून ईमेलनं आकडे मागवायचे असतील, तर त्यातून ती काही शिकणार नाही.

हो म्हणण्याआधी तिनं तिथल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाइडच्या माघारी भेटावं. मायक्रोस्कोपवर वेळ मिळायला किती थांबावं लागतं, मागच्यांना किती वर्षं लागली, ते आता कुठे आहेत, एवढं विचारावं. या भेटीला तुम्ही सोबत जाऊ नका, आईसमोर मुलं मोकळं बोलत नाहीत.