इंग्रजी रोजनिशीतल्या चुका किती सुधाराव्यात?

प्रश्न : मी नागपुरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला इंग्रजी शिकवते. विद्यार्थ्यांकडून गूगल डॉक्समध्ये इंग्रजी रोजनिशी लिहून घेण्याचा विचार आहे. प्रत्येक चूक सुधारावी का? मजकूर त्यांचाच आहे, हे कसे ओळखावे?
– एक शिक्षिका, महाल

उत्तर : प्रत्येक चूक सुधारू नये. पान लाल खुणांनी भरून परत आले की मूल पुढच्या वेळी केवळ खात्रीची, ठरावीक वाक्ये लिहिते आणि रोजनिशीचा हेतूच हरवतो. व्याकरणदुरुस्ती निष्फळ असते, ही भाषाशिक्षणाचे अभ्यासक जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये मांडलेली भूमिका मात्र मला टोकाची वाटते. याच विषयाच्या अभ्यासक डेना फेरिस यांनी १९९९ मध्ये तिचा प्रतिवादही केला होता. त्यापेक्षा विद्यार्थ्याच्या मजकुराला उत्तर द्यावे आणि त्याचा चुकलेला प्रयोग त्या उत्तरात सहजपणे शुद्ध करून वापरावा. त्याने ‘यस्टरडे आय गो टु फुटाळा’ असे लिहिले, तर ‘ओह, यू वेंट टु फुटाळा! हू वेंट विथ यू?’ एवढी टिप्पणी पुरे. वारंवार होणारी एखादी चूक नाव न घेता वर्गात समजावावी.

संपादनाची परवानगी असल्यास गूगल डॉक्समधील आवृत्त्यांच्या इतिहासावरून मजकूर टप्प्याटप्प्याने लिहिला की एकदम चिकटवला, याचा अंदाज येतो. परंतु रोजनिशीला गुण ठेवले नाहीत, तर नक्कल करण्याचे कारणच फारसे उरत नाही. घरात एकच फोन असलेल्यांसाठी शाळेच्या संगणककक्षात आठवड्यातून एक तासिका राखावी, आणि दस्तऐवज फक्त आपल्याशीच सामायिक झाला आहे, याची खातरजमा करावी.