गणपती तोंडावर, लॉकडाऊनची धास्ती आणि दुसरा डोस : वाचकांचे प्रश्न

15 ऑगस्ट 2021 पासून कोविड लसीच्या दोन डोसवाल्यांना लोकल सुरू झाली, दुकानं रात्री दहापर्यंत उघडी राहायला लागली, आणि त्याच आठवड्यात सगळ्यात जास्त प्रश्न आले ते मात्र परत सगळं बंद होणार का याचे. मी कळव्यात जनरल प्रॅक्टिस करते, दवाखान्यातही ताप सर्दी बाजूला राहते आणि पेशंट आधी हेच विचारतात. म्हणून या अंकात फक्त याच विषयावरची पत्रं घेतलीत. यातले नियम आणि दर ऑगस्ट 2021 चे आहेत.

प्रश्न : माझं वागळे इस्टेटला पोळी-भाजी केंद्र आहे. दोन्ही लॉकडाऊनमध्ये मिळून जवळजवळ सात महिने बंद होतं. आता गणपतीच्या मोदकांच्या ऑर्डरी घ्यायच्या का नाही कळत नाहीये, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येतंय की सप्टेंबरमध्ये लॉकडाऊन ठरलेलाच आहे. खरं काय?

उत्तर : दादा, तारीख ठरलेली नाहीये. या वेळी सरकारने ठरवलाय तो आकडा, आणि तो माहीत असला की फॉरवर्डवर विसंबायची गरज पडत नाही. ऑगस्टमध्ये निर्बंध सैल करताना राज्य सरकारने सांगितलं की कोविड पेशंटना लागणारा ऑक्सिजन दिवसाला 700 मेट्रिक टनांवर गेला तर राज्यात परत कडक लॉकडाऊन लावणार. पेशंटची संख्या न धरता ऑक्सिजन का धरला, तर एप्रिलमध्ये काय झालं ते आठवा. राज्याची गरज दिवसाला दीड हजार टनांच्या वर गेली होती, बाहेरच्या राज्यांतून टँकर रेल्वेवर चढवून आणावे लागले. माझ्या एका पेशंटला, पंचावन्न वर्षांचा रिक्षावाला माणूस, रक्तातला ऑक्सिजन 84 टक्क्यांवर आलेला, त्याला बेड मिळवायला मी आणि त्याचा मुलगा रात्री अकरापासून पहाटे चारपर्यंत फोन करत होतो, एका हॉस्पिटलने गेटवरूनच परत पाठवलं. तो वाचला. पण त्या रात्रीपासून मला रोजच्या आकड्यात नवीन केसेसपेक्षा ऑक्सिजनवर किती जण आहेत हेच आधी बघायची सवय लागलीय, आणि तुम्हीही तेच बघा. केसेस थोड्या वाढल्या पण ऑक्सिजनवरचे पेशंट वाढत नाहीयेत, तर लगेच शटर पडणार नाही.

ऑर्डरी घ्या, असंच मी म्हणेन. अ‍ॅडव्हान्स घेऊन घ्या, गूळ आणि तांदळाची पिठी आधी भरून ठेवली तरी टिकते, नारळ मात्र एकदम उचलू नका. आणि एक गोष्ट तुमच्या हातातली आहे. रात्री दहापर्यंत धंदा करायची परवानगी आहे ती कामावरच्या माणसांचे दोन्ही डोस होऊन 14 दिवस झाले असतील तर, तेव्हा पोळ्या लाटायला येणाऱ्या बायकांचे डोस कुठवर आलेत ते आजच विचारा. किचनला एक्झॉस्ट नसेल तर तो बसवा, चार जणी एका छोट्या खोलीत सहा तास उभ्या असतात, धोका गिऱ्हाइकापेक्षा त्यांनाच जास्त आहे.

प्रश्न : मी ऐरोलीला राहते, ठाण्याला अकाउंट्समध्ये नोकरी. पहिला डोस (कोविशिल्ड) 20 जुलैला मिळाला, त्याच्याआधी तीन वेळा लाईनीतून परत आले. आता लोकल फक्त दोन डोसवाल्यांना. मी मुद्दाम डोस घेतला नाही असं थोडीच आहे? आणि परदेशी जाणाऱ्यांना 28 दिवसांनंतर दुसरा डोस, मग आम्हाला 84 दिवस का?

उत्तर : ताई, तुमचा राग मला पटतो. तुमचा हिशोब मी करून बघितला. 20 जुलैपासून 84 दिवस म्हणजे 12 ऑक्टोबर, त्यावर लोकलसाठी लागणारे 14 दिवस म्हणजे 26 ऑक्टोबर, म्हणजे दसराही गेला आणि दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा तुम्हाला पास मिळणार. तोपर्यंत विटाव्याच्या पुलाखाली ट्रॅफिकमध्ये बस. ज्यांना लस उशिरा मिळाली तेच लोकलमधून बाहेर राहिले, आणि 18 ते 44 वाल्यांचं लसीकरण मे महिन्यात राज्यात लसच नाही म्हणून थांबवावं लागलं होतं, त्यात तुमची काय चूक? हे अन्यायाचं आहे असंच मला वाटतं आणि नियम करणाऱ्यांनी नोकरदारांसाठी काहीतरी मधली वाट काढायला हवी होती.

पण अंतराचं कारण अगदीच पोकळ नाही, ते समजून घ्या. कोविशिल्ड शोधणाऱ्या ऑक्सफर्डच्या ट्रायलमध्ये दोन डोस सहा आठवड्यांच्या आत दिलेल्यांना साधारण 55 टक्के संरक्षण मिळालं आणि बारा आठवडे किंवा जास्त अंतर ठेवलेल्यांना 81 टक्के. पहिल्या डोसनंतर शरीर विषाणूवरच्या काट्यासारख्या स्पाईक प्रोटीनची ओळख पक्की करत असतं, मध्ये वेळ दिला की दुसऱ्या डोसला प्रतिसाद जास्त चांगला येतो. पुरवठा कमी होता म्हणून हे अंतर सोयीचंही पडलं, हेही खरंच आहे. अडचण अशी झाली की मधल्या काळात विषाणूचा डेल्टा हा नवा प्रकार आला. इंग्लंडच्या अभ्यासात डेल्टाच्या लक्षणांपासून एका डोसचं संरक्षण फक्त 30 टक्क्यांच्या आसपास निघालं, दोन डोसनंतर तेच 67. म्हणजे आत्ता तुम्ही जी वाट बघताय ते दिवस खरंच कच्चे आहेत, मास्क नाकाखाली आणू नका, बसची खिडकी उघडी ठेवा, आणि 12 तारखेच्या आधीच्या आठवड्यापासून स्लॉट बघायला लागा. परदेशी जाणाऱ्यांना जूनमध्ये सूट दिली ती शिक्षण, नोकरी आणि ऑलिम्पिकसाठी, त्यांचं विमान ठरलेलं असतं म्हणून. तुमची 8.40 ची लोकलही ठरलेली असते, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

प्रश्न : वय 68, वाशी. कोविशिल्डचे दोन्ही डोस मे महिन्यात पूर्ण झाले. मुलाने हौसेने घरी माणूस बोलावून अँटीबॉडी टेस्ट केली तर निगेटिव्ह आली. लस फुकट गेली का? तिसरा डोस घेऊ का?

उत्तर : काका, आधी रिपोर्टवर टेस्टचं नाव वाचा. अँटीबॉडी टेस्ट दोन प्रकारच्या मिळतात, एक विषाणूच्या स्पाईक प्रोटीनविरुद्धच्या अँटीबॉडी शोधते, दुसरी न्यूक्लिओकॅप्सिड नावाच्या आतल्या प्रोटीनविरुद्धच्या. कोविशिल्ड शरीराला फक्त स्पाईक दाखवते. तुमची दुसरी टेस्ट झाली असेल आणि तुम्हाला कोविड झालेला नसेल तर ती निगेटिव्ह येणारच, त्यात लसीचा काही दोष नाही. दवाखान्यात या महिन्यात असे चार रिपोर्ट बघितले, चौघंही घाबरलेले, आणि चौघांचीही हीच टेस्ट होती.

स्पाईकची टेस्ट असली तरी वेगवेगळ्या लॅबची एककं वेगळी, आणि कितीच्या वर गेलं की माणूस सेफ असा आकडा अजून कुणी ठरवलेला नाही. शिवाय रक्तातल्या अँटीबॉडी काही महिन्यांनी कमी होतातच. त्या कायम भरलेल्या राहिल्या तर आजवर झालेल्या प्रत्येक आजाराच्या अँटीबॉडीने रक्त दाट झालं असतं! मागे विषाणू लक्षात ठेवणाऱ्या मेमरी पेशी आणि त्याच्याशी लढणाऱ्या टी-पेशी राहतात, त्या या टेस्टमध्ये दिसत नाहीत. 2003 साली सार्स (कोविडच्याच जातीचा आजार) झालेल्या लोकांच्या रक्तात त्याच्या टी-पेशी 17 वर्षांनीसुद्धा सापडल्या. कोविडची लस किती वर्षं टिकेल ते यावरून ठरत नाही, पण अँटीबॉडी उतरल्या म्हणजे सगळं संपलं असं नसतं एवढं यातून नक्की दिसतं. आपल्याकडे तिसरा डोस आत्ता, ऑगस्ट 2021 मध्ये, सुरू नाही, दुसऱ्या नावाने चोरून घ्यायला जाऊ नका. शुगर आणि बीपी ताब्यात ठेवा, तुमच्या वयात त्याचा फायदा या रिपोर्टपेक्षा खूप जास्त आहे.

प्रश्न : एप्रिलमध्ये घरातल्या पाचही जणांना कोविड झाला. आता टीव्हीवर म्हणतात 67 टक्के लोकांत अँटीबॉडी आहेत. मग आम्हाला लस कशाला? – कोपरी

उत्तर : आयसीएमआरच्या (केंद्राची वैद्यकीय संशोधन संस्था) रक्ततपासणीच्या चौथ्या सर्व्हेत 67.6 टक्के आले, बरोबर. पण उरलेले लोक म्हणजे देशात साधारण 40 कोटी! ब्राझीलच्या मनौस शहरात 2020 मध्ये तीन चतुर्थांश लोकांना होऊन गेलाय असा अंदाज होता आणि तरी जानेवारी 2021 मध्ये तिथे ऑक्सिजन संपून माणसं गेली. 2021 च्या नियमाप्रमाणे बरं होऊन तीन महिने झाले की लस घ्यायची, तुमचे ते झालेत. जा.

प्रश्न : घणसोलीतल्या आमच्या सोसायटीत लसीचा खासगी कॅम्प ठेवायचं चाललंय. कांदिवलीच्या सोसायटीतल्या लसीच्या कॅम्पसारखं बोगस निघालं तर?

उत्तर : भीती रास्त आहे. तिथे लोकांना सर्टिफिकेट वेगवेगळ्या हॉस्पिटलच्या नावाने आली तेव्हा शंका आली, तोवर शेकडो जणांना टोचून झालं होतं. कॅम्प घेणाऱ्या हॉस्पिटलकडून पत्र घ्या आणि पालिकेला कळवलंय का ते स्वतः विचारून खात्री करा, मध्यस्थाच्या शब्दावर जाऊ नका. कोविनवर (सरकारची लस नोंदणीची साइट) नाव तिथल्या तिथे चढलं पाहिजे, कुपी सगळ्यांसमोर उघडली पाहिजे, फोटो काढू देत नसतील तर कॅम्प थांबवा. कोविशिल्डला ऑगस्ट 2021 च्या दराप्रमाणे 780 रुपयांच्या वर कुणाला देऊ नका.

आणि यादी करताना फक्त फ्लॅटवाल्यांची करू नका. वॉचमन, कचरा नेणारा मुलगा, घराघरांत काम करणाऱ्या मावशी, यांच्यातल्या कितीतरी जणांकडे साधा फोन आहे आणि पालिकेच्या सेंटरवर पहाटे लाईन लावली तर त्या दिवसाची मजुरी जाते. आत्ता, 2021 मध्ये, कोविनवर एका मोबाईल नंबरवर चार जणांचं रजिस्ट्रेशन करता येतं, तुमच्या नंबरवर जागा असेल तर त्यांची नावं आधी टाका, आणि त्यांचे पैसे सोसायटीच्या फंडातून द्यायचा ठराव याच मीटिंगला मांडा.