सगळ्यांना धीर देणाऱ्याने रडायचं कुठे?

“तीन वर्षं झाली. कामाला लागलो, हसतो-बोलतो, चार लोकांना सल्ले देतो. मग एका कार्टूनमधल्या म्हाताऱ्यासाठी हमसून हमसून का रडलो? आपलं काही बिघडलंय का?”

समुपदेशनासाठी माझ्याकडे येऊन हा प्रश्न विचारणारे गृहस्थ पन्नाशीतले. शिकवणी घेतात, म्हणून त्यांना इथे नुसतं ‘सर’ म्हणते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांचा मोठा मुलगा नोकरीनिमित्त दूरच्या शहरात होता. तिथेच अचानक आजारी पडला आणि दोन दिवसांत गेला. तेराव्या दिवसानंतर सर वर्गात उभे राहिले ते आजतागायत. परीक्षेच्या धास्तीने रडणारी मुलं, घर सोडून निघालेली मुलं, त्यांचे हवालदिल पालक, सगळे त्यांच्याकडेच येतात. सर कोणाला परत पाठवत नाहीत. घरी मात्र मुलाचा फोटो कपाटात, आणि त्याच्या वाढदिवसाला दरवर्षी जादा तास.

धाकट्या मुलीच्या आग्रहाखातर ते तिच्यासोबत ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ बघायला बसले होते. २००५ ते २००८ या काळात निकलोडियन वाहिनीवर आलेली ही अमेरिकन ॲनिमेटेड मालिका. त्यातला आयरो हा अग्निराष्ट्राचा निवृत्त सेनापती, राजपुत्र झुकोचा थोरला काका. ढेरपोट्या, चहावेडा, कोणाशीही गप्पा मारणारा. बापाने चेहरा भाजून तेराव्या वर्षी हद्दपार केलेल्या झुकोसोबत हा काका आपणहून जहाजावर चढतो आणि त्याचा सगळा तिरसटपणा सोसतो. याच आयरोने एके काळी बा सिंग से या शहराला ६०० दिवस वेढा घातला होता. बाहेरची तटबंदी फोडलीही. पण त्याच लढाईत त्याचा एकुलता एक मुलगा लू टेन मारला गेला, आणि जिंकत आलेला सेनापती वेढा उठवून परतला. पुढे सिंहासन धाकट्या भावाकडे गेलं.

सरांना ज्याने रडवलं तो भाग दुसऱ्या पर्वातला. आयरो आता त्याच बा सिंग सेमध्ये निर्वासित म्हणून राहतोय. सकाळी टोपली घेऊन तो बाजारातून निघतो. वाटेत रडणाऱ्या एका लहानग्याला गाणं म्हणून हसवतो. लुटायला आलेल्या तरुणाला आधी नीट उभं कसं राहायचं ते शिकवतो, मग त्याच्याशी चहा पीत बोलत बसतो. संध्याकाळी टेकडीवरच्या झाडाखाली तो टोपली उघडतो. आत मुलाचं चित्र असतं. त्या दिवशी लू टेनचा वाढदिवस. सकाळी परक्याच्या पोरासाठी सहज म्हटलेलं तेच गाणं तो पुन्हा म्हणायला लागतो आणि या वेळी आवाज फुटतो. आयरोला आवाज देणारे माको जुलै २००६ मध्ये कर्करोगाने गेले. सप्टेंबरमध्ये दाखवलेला हा भाग त्यांनाच अर्पण केलेला आहे.

सर खोलीतून उठून गेले. मुलगी घाबरली.

आधी त्यांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते, कारण हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्यापुढे येत असतो. कोणाला जाहिरात पाहून रडू येतं, कोणाला परक्याच्या लग्नात. स्वतःच्या माणसाच्या वेळी डोळे कोरडे होते आणि आता भलत्याच ठिकाणी पाझरले, याची लाज वाटते. यात बिघडलेलं काही नसतं. सरांच्या बाबतीत तर कारण मला अगदी उघड दिसलं: समोर येणाऱ्या प्रत्येक माणसाला सरांकडून काहीतरी हवं असतं. पडद्यावरच्या त्या म्हाताऱ्याला त्यांचा सल्ला नको होता. तीन वर्षांत पहिल्यांदाच ते एका बापाशेजारी नुसते बसले.

त्यांना खरी भीती होती ती मागे जाण्याची. शोकाचे पाच टप्पे त्यांनी कुठेतरी वाचले होते आणि आपण शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे स्वीकारावर पोहोचलो, अशी स्वतःची नोंदही केली होती. शिक्षकच ते! मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये हे टप्पे मांडले ते स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी इयत्ता चढत जावं तसे ते चढायचे असतात, हा समज नंतर पसरला. मला त्यापेक्षा मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडलेलं अधिक पटतं. माणूस कधी दुःखाकडे वळतो, कधी रोजच्या जगण्याकडे, आणि हे येणं-जाणंच निरोगी असतं. सरांचं येणं-जाणं बंद होतं. ते एकाच बाजूला मुक्काम ठोकून होते आणि त्यालाच सावरणं म्हणत होते.

आयरोची सुभाषितं असलेली चित्रं लोक एकमेकांना पाठवत असतात, आणि त्यांत टेकडी क्वचितच असते, याची मला जरा चीड आहे. त्यातून असं वाटतं की या माणसाने दुःख पचवलं, त्यातून शहाणपण आलं आणि आता तो ते वाटत फिरतोय. मालिका तसं म्हणत नाही. त्याचं दुःख संपलेलं नाही, तरी तो प्रेमळ आहे. आणि इतरांना दिलेला धीर त्याने आपल्या रडण्याच्या खात्यावर जमा केलेला नाही. दिवसभर लोकांसाठी थांबूनही तो टेकडीवर जातोच. टोपली तर सकाळपासून हातात आहे.

“म्हणजे त्याने ठरवून ठेवलं होतं,” सर म्हणाले.

“आणि तुम्ही काय ठरवता त्या तारखेला?”

“जादा तास.” एवढं बोलून ते बराच वेळ गप्प होते.

पुढच्या बैठकीला त्यांनीच विषय काढला, आणि मी अपेक्षिला नव्हता त्या बाजूने. “तो मुलगा बापाच्याच मोहिमेत गेला ना? मोहीम बापाची. आमच्याकडेही नोकरी घे म्हणून मीच मागे लागलो होतो. त्याला जायचं नव्हतं.” हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

अशा वेळी ‘तुमची काही चूक नाही’ असं म्हणायला जीभ शिवशिवते. मी सहसा म्हणत नाही. ते वाक्य त्यांना सगळ्यांनी ऐकवलेलं असतं, आणि ऐकणारा त्यानंतर गप्प होतो. मी त्यांना तो निर्णयाचा दिवस बारकाईने सांगायला लावला. त्या दिवशी तुम्हाला काय काय माहीत होतं? मुलाचं म्हणणं काय होतं, तुम्हाला त्याच्यासाठी काय हवं होतं? आणि यातलं काय तुम्हाला नंतर कळलं? दोन कागद केले. आजाराचा उल्लेख साहजिकच दुसऱ्या कागदावर गेला. पण पहिल्या कागदावर एक ओळ राहिलीच: ‘त्याचं पुरतं ऐकून घेतलं नाही.’ ती मी खोडायला लावली नाही. ती खरी होती. अपराधाच्या डोंगरातून एवढी खंत वेगळी निघाली, तिच्याशी आता बोलता येणार होतं.

बोलायचं कसं, तेही त्यांनीच शोधलं. मुलाचा जुना मोबाइल घरात होता, त्यात त्याने पाठवलेले आवाजी निरोप. वाढदिवसाच्या दिवशी वर्गाला सुट्टी द्यायची, मुलीला सोबत घ्यायचं, फोटो बाहेर काढायचा आणि ते ऐकायचे, असं ठरलं. माणूस गेल्यावर नातं तोडूनच पुढे जावं लागतं, असा जुना आग्रह होता. शोकाचे अभ्यासक डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये त्याला हरकत घेतली: नातं वेगळ्या रूपात चालू राहू शकतं, आणि बऱ्याच जणांना त्यातच आधार मिळतो.

सर नंतर आले ते सांगत, “दोनच ऐकले. तिसऱ्यात तो माझ्यावर वैतागलाय, तो पुढच्या खेपेला.” हे सांगताना ते थोडे हसलेही.

इथे एक फरक सांगायला हवा. तारीख आली, गाणं ऐकलं, आणि कोसळलो, पण चार दिवसांत पुन्हा जगण्याला लागलो, याला उपचार लागत नाहीत. मात्र जवळपास रोज, दिवसाचा बराच काळ गेलेल्या माणसाची तीच ओढ, जगण्यात अर्थच नाही असं वाटणं, मृत्यू झालाय हेच मनाला न पटणं, रोजचं काम ठप्प होणं, असं वर्ष उलटूनही चालू असेल तर त्याला दीर्घकालीन शोकविकार म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०२२ मध्ये आपल्या निदानसूचीत त्याची भर घातली, प्रौढांसाठी किमान १२ महिन्यांची अट ठेवून. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचीत ही मुदत किमान ६ महिन्यांची आहे. त्यावर वेगळे उपचार आहेत. मरून जावंसं वाटत असेल तर कुठलीही मुदत मोजत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. सरांना यातलं काही नव्हतं, हे मी पहिल्याच भेटीत विचारून घेतलं होतं.

उरलाय तो घरातला प्रश्न. नोकरीचं ते सरांनी शेवटी बायकोला सांगितलं. त्या म्हणाल्या, “मला माहीत होतं. परक्या पोरांशी बोलता तेवढं माझ्याशी बोलला असतात, तर तेव्हाच सांगितलं असतं.” त्या तीन वर्षं एकट्याच, सर वर्गात असताना, कपाट उघडून बसायच्या. आता पुढच्या बैठकीला दोघं एकत्र येणार आहेत. बाईंची अट एकच आहे: तासभर सरांनी कोणताही सल्ला द्यायचा नाही.